अळ्या पाळू नका, गाळा

आज आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीची, अंडी घरी कशी उबवायची ते सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मध्येच डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं. त्या विचारतात, ‘फायटर माशाला जिवंत खाणं द्या म्हणता, तर गॅलरीत बादलीभर पाणी भरून ठेवू का? डासांच्या अळ्या आपोआप होतील आणि खर्चही नाही.’

बादली नको. पण फायटरला डासाच्या अळीइतकं मानवणारं खाणं दुसरं नाही, हा ताईंचा अंदाज शंभर टक्के बरोबर आहे.

तुमच्या माशाकडे एकदा बाजूने नीट बघा. त्याचं तोंड वरच्या अंगाला उघडतं. थायलंडच्या भातखाचरांत आणि गवताळ, उथळ पाण्यात वाढलेली ही जात. तिथल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून हा मासा अधूनमधून वर येऊन हवा गिळतो. डासाची अळीही हवेवरच जगते. क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून उलटी लटकते. म्हणजे श्वासासाठी दोघांनाही एकाच पातळीवर यावं लागतं, आणि तिथेच एकाचं जेवण होतं. तळाशी जाऊन बसणारे दाणे फायटर कितीदा तरी तसेच सोडून देतो, त्याचं कारणही हेच तोंड.

टाकीत एक अळी सोडून बघा. दाण्यांवर पोसलेला मासा आधी नुसता रोखून बघतो. अळी वळवळत खाली सुटली की त्याचं अंग वाकतं, कल्ले थरथरतात आणि पुढच्या क्षणी अळी गायब! दाणा काही पळत नाही. बरणीत सुस्तावलेल्या माशाला ही पळापळ खाण्याइतकीच हवी असते.

मग बादली का नको? हिशेब करा. क्युलेक्सची मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी घालते. सगळी एकमेकांना चिकटलेली, जिऱ्याच्या दाण्याएवढा काळपट तराफा. एक फायटर दिवसाला आठ-दहा अळ्या खाणार, आणि आपल्याकडच्या उकाड्यात अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. उरलेल्या कुठे जातील? शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये. शिवाय डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असं पालिका सांगते ते उगाच नाही. मासे पाळणाऱ्यांनी तर तो दोनदा पाळावा.

म्हणून माझं म्हणणं, अळ्या पाळू नका, गाळा. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरचा तळ, गच्चीवरचं पिंप. आपण नको म्हटलं तरी तिथे त्या होतातच. ते पाणी मोरीत ओतण्याआधी चहाच्या जुन्या गाळणीतून काढा, अळ्या स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या आणि पांढऱ्या वाडग्यात टाका. त्यात स्वल्पविरामासारखे वाकडे, टुणटुण उड्या मारणारे जीव दिसतील. ते कोश. दोन-तीन दिवसांत त्यांना पंख फुटणार, तेव्हा माशाच्या तोंडी आधी ते द्या. त्याला संपतील तेवढ्याच टाकीत सोडा. बाकीच्या अळ्या वाडग्यात ‘उद्यासाठी’ ठेवायच्या नाहीत, गाळणीत निथळून कोरड्या करून टाकायच्या.

जिथे औषध किंवा तेल फवारलंय तिथल्या अळ्या घेऊ नका. गटारातल्या तर नकोच. दुकानात मिळणारे ते लाल दोऱ्यांसारखे ट्युबिफेक्स किडेही सांडपाण्याच्या गाळात फोफावतात. दुकानदार कितीही ‘धुतलेत’ म्हणाला तरी माझ्या टाकीत त्यांना प्रवेश नाही.

ताटलीत रोज अळ्या मिळणार नाहीत, मिळूही नयेत. मग डाफनिया, म्हणजे पाणपिसवा. क्लोरीन उडून गेलेलं, उन्हात हिरवं झालेलं पाणी हेच त्यांचं अन्न, आणि त्यांना पंख फुटत नाहीत. त्या भांड्यावर मात्र बारीक जाळीचं कापड घट्ट बांधा, नाहीतर ताईंची बादली मागच्या दाराने घरात आलीच म्हणून समजा. डाफनियाचं कवच पचत नाही, तेच माशाचं पोट साफ ठेवतं. पोट फुगलं की फायटरला उकडलेला वाटाणा भरवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. वाटाणा गोल्डफिशला ठीक, तो पालापाचोळाही खातो. फायटर किडे खाणारा. त्याला एक-दोन दिवस उपास घडवा आणि डाफनियावर सोडवा. आणि उपास म्हणजे उपास, साबुदाण्याची खिचडी नव्हे!

एरवी रोजचं जेवण म्हणजे दाणेच, त्यात कमीपणा नाही. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. पहिलं नाव मासळीचं किंवा किड्यांचं हवं, गव्हाच्या पिठाचं असेल तर डबा परत ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन छोटे दाणे पुरतात. पुण्याच्या डिसेंबरात हीटर नसेल तर त्याहून कमी, कारण गार पाण्यात पचन मंदावतं. वाळवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून एक-दोनदाच, तेही भिजवून. त्यांच्या डब्यात नाक खुपसू नका. त्या भुकटीची काही माणसांना चांगलीच ॲलर्जी असते, शिंका आणि डोळ्यांची आग सुरू होते.

पुढच्या वेळी आर्टेमिया नक्की. वडाळ्याच्या मिठागरांत १९५०च्या दशकात त्याची नोंद झाली होती, तिथूनच सुरुवात करू. तोवर जाडं मीठ आणि प्लास्टिकची एक रिकामी बाटली बाजूला काढून ठेवा.