गोळी फुटण्यामागचं गणित

तापाची गोळी आपण पाण्याबरोबर गिळतो आणि विसरून जातो. गोळीचं काम मात्र त्यानंतर सुरू होतं. ती पोटात वेळेवर फुटली तरच औषध रक्तात जाणार. आवरण नसलेली साधी गोळी चाचणीच्या पाण्यात 15 मिनिटांच्या आत फुटली पाहिजे, असा भारतीय औषधकोशाचा नियम आहे. आणि घरी येईपर्यंत ती स्ट्रिपमध्येच चुरा होऊनही चालत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं साधायचं?

याचं उत्तर शेतातून आलं. समजा, मयेच्या तळ्याजवळच्या शेतात भाताच्या दोन जातींची तुलना करायची आहे. एक जात तळ्याच्या बाजूला ओलाव्यात लावली, दुसरी वरच्या कोरड्या अंगाला. पहिलीचं पीक जास्त आलं, तर श्रेय बियाण्याचं की ओलाव्याचं? इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेतकी केंद्रात 1919 पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी यावर मार्ग काढला. शेताचे ओले आणि कोरडे भाग वेगळे मानायचे, प्रत्येक भागात दोन्ही जाती लावायच्या, आणि कुठली जात कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. औषधाच्या प्रयोगशाळेतही असंच. पावसाळ्यातला दमट दिवस हा तिथला 'ओलावा'.

फिशर यांची दुसरी शिकवण जास्त महत्त्वाची: एका वेळी एकच गोष्ट बदलू नका. एक काल्पनिक उदाहरण बघा. गोळी घट्ट राहावी म्हणून दोन उपाय आहेत: पूड धरून ठेवणारी स्टार्चची खळ वाढवणं आणि यंत्राचा दाब वाढवणं. दोन्ही कमी ठेवले तर गोळी 4 मिनिटांत फुटते, पण हातात घेताच चुरा होतो. फक्त खळ वाढवली तर 6 मिनिटं, फक्त दाब वाढवला तर 7. म्हणजे खळीने 2 मिनिटं वाढली, दाबाने 3. तर दोन्ही वाढवल्यावर 9 होतील, असं आपण म्हणू. प्रत्यक्ष चौथी गोळी करून बघितली तर 21! गोळी नापास. खळ आणि दाब यांनी एकमेकांचा परिणाम वाढवला. याला आंतरक्रिया म्हणतात. ती चौथा प्रयोग केल्याशिवाय दिसलीच नसती.

पण खऱ्या गोळीत घटक दोनच नसतात. सात घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या, म्हणजे 128 प्रयोग. एवढी महागडी पूड आणि वेळ कोण देणार? प्लॅकेट आणि बर्मन यांनी 1946 मध्ये दाखवलेल्या पद्धतीने नीट निवडलेल्या 8 प्रयोगांतही सातही घटकांची पहिली चाळणी होते. याची किंमत एवढीच की आंतरक्रिया त्यात मिसळून जातात. म्हणून महत्त्वाचे ठरलेले दोन-तीन घटक घेऊन पुन्हा बारकाईने प्रयोग करावे लागतात.

हे प्रयोग 'नीट निवडणं' म्हणजे शुद्ध गणित. त्यात एक मराठी नाव मोठं आहे: शरदचंद्र श्रीखंडे. 1959 मध्ये त्यांनी राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह लॅटिन चौरसांबद्दलचा ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांहून जुना अंदाज खोटा ठरवला. फिशर शेतात वापरत ते हेच चौरस. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि 2020 मध्ये, 102 व्या वर्षी वारले.

आज औषधनिर्मितीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही अशा नियोजित प्रयोगांना स्थान आहे. आपल्या ओळखीचं कोणी वेर्ण्याला किंवा कोलवाळला औषध कारखान्यात असेल, तर विचारून बघा. आणि घरी करून बघायचं असेल तर सान्नां घ्या. सूर कमी-जास्त, पीठ फुगायला ठेवायचा वेळ कमी-जास्त, असे चार घाणे काढा. चौथा घाणा मात्र चुकवू नका.