पंक्चरच्या डबीत काय काय असते?

सायकलीच्या दुकानात पंक्चर काढायच्या सामानाची डबी मिळते. तळहातावर मावेल एवढी. कधी पत्र्याची, कधी प्लॅस्टिकची. घरात सायकल आहे, मग डबीही असावी, म्हणून पुष्कळ जण ती घेतात. घरी येऊन उघडतात. सोल्युशनची नळी ओळखू येते. रबराची गोल ठिगळे ओळखू येतात. बाकीचे काय आहे ते मात्र कळत नाही. एक भोकाभोकांचा पत्रा. एक पांढरा खडा. शेवईसारखी एक बारीक रबरी नळी. "हे कशाला दिलंय कोण जाणे!" असे म्हणून ते सामान पोरांच्या खेळण्यांत जाते, नाहीतर केरात.

आणि अडचण येते ती नेमकी पहाटे. दूधवाला चार वाजता निघतो. कारखान्यातला कामगार पहिल्या पाळीसाठी अंधारातच घर सोडतो. वाटेत बाभळीचा काटा असतो, सराटा असतो. सायकलीचे दुकान तर आठ-नऊशिवाय उघडत नाही. दूध उन्हात नासते. पाळी चुकली की खाडा पडतो. डबी खिशात असते, पण ती वापरता येत नाही. मग ती असून नसून सारखीच, नाही का?

तेव्हा ती डबी आज उघडून बघू. अनोळखी वस्तू ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दुकानातला कारागीर पंक्चर काढताना आधी काय करतो, मग काय करतो, ते आठवा. ज्या क्रमाने त्याचे हात चालतात, त्या क्रमाने एकेक वस्तू कामाला येते.

चांगला कारागीर आधी टायर उघडत नाही, तो आधी वाल तपासतो. म्हणून आपणही त्या शेवईसारख्या नळीपासून सुरुवात करू. तिला वालट्यूब म्हणतात. सगळ्यांत जास्त फेकली जाते ती हीच, आणि सगळ्यांत जास्त वेळा कामाला येते तीही हीच.

आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीच्या चाकातून ट्यूबचे एक पितळी तोंड बाहेर आलेले असते. तो वाल. त्यावरची कंगोऱ्यांची चकती फिरवून काढली, की आतून एक लहानशी पितळी पिन बाहेर येते. ही पिन नीट पाहा. ती पोकळ आहे, पण तिचे खालचे टोक बंद आहे. मग पंपाची हवा आत जाते कुठून? पिनेच्या अंगाला एक बारीक भोक आहे. तिथून. आणि त्या भोकावर ही वालट्यूब मोज्यासारखी चढवलेली असते.

आता गंमत पाहा. पंप मारला की हवा भोकातून जोराने येते. ती रबराला जरा फुगवते आणि रबर व पितळ यांच्या मधून ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबला की आतली हवा रबराला चहूबाजूंनी दाबते. रबर भोकावर घट्ट बसते. आत जायची वाट आहे, बाहेर यायची नाही. एवढ्याशा नळीने दाराचे आणि कडीचे, दोन्ही कामे केली!

पण ही नळी कायमची टिकत नाही. उन्हाने, तेलाच्या हाताने, जुनेपणाने ती चिकट होते, चिरते. मग हवा हळूहळू जाते. रात्री चाक घट्ट होते, सकाळी बसलेले. माणूस म्हणतो, पंक्चर झाले. टायर उघडतो, ट्यूब काढतो, पाण्यात बुडवतो, तर ट्यूब शाबूत! म्हणून आधी चाकात हवा भरा. वाल खाली येईल असे चाक फिरवा. वाटीत पाणी घेऊन वालाचे तोंड त्यात बुडवा. बुडबुडे आले तर दोष वालाचा. (दुकानातला पोरगा बोटाने थुंकी लावून बघतो. तेही चालते, पण मग हात धुवावा!) जुनी नळी ओढून काढा. नवीन नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा. पिनेला पाणी लावून तो सरकवत वरपर्यंत चढवा. बाजूचे भोक पुरते झाकले गेले पाहिजे. दोन मिनिटांचे काम. ठिगळ नको, सोल्युशन नको.

काही नव्या पिनांत रबराऐवजी लहान गोळी असते. तिला ही नळी लागत नाही. गिअरच्या बऱ्याच सायकलींना मोटारीसारखा वाल असतो, त्यालाही लागत नाही.

वाल चांगला निघाला, तरच टायर उघडायचा. त्यासाठी दोन किंवा तीन चपट्या पट्ट्या असतात, लोखंडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या. एक टोक चमच्यासारखे वाकलेले, दुसऱ्या टोकाला खाच. चमच्याचे टोक टायरच्या कडेखाली घालून कड वर उचलायची. आणि खाच कशाला? ती चाकाच्या तारेत अडकवायची, म्हणजे पट्टी जागच्या जागी राहते आणि दुसरी पट्टी लावायला दोन्ही हात मोकळे होतात. हे न कळल्याने लोक पट्टी गुडघ्याने दाबून धरतात. कोणी स्क्रू ड्रायव्हर खुपसतो. त्याच्या धारेने ट्यूब चिमटते आणि एका भोकाची दोन भोके होतात.

सायकलीला उपयोगी पडेल असा हवेचा टायर १८८८ साली डनलॉप नावाच्या माणसाने आणला. तो आयर्लंडात बेलफास्टला राहत असे आणि गुरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्याने हे डोके लढवले. पण तेव्हाचा टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर म्हणजे तासन् तासांची पीडा. १८९१ साली फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला. आज आपण रस्त्याच्या कडेला बसून टायर उघडू शकतो, तो त्यामुळे.

टायर उघडताना वालाची जागा टायरवर कुठे आहे, ते ध्यानात ठेवा. ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरा आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवा. बुडबुडे आले तिथे भोक. वालापासून ते किती वितींवर आहे हे मोजले, की टायरमध्ये काटा कुठे असेल तेही कळते. काटा टायरमध्येच राहिला, तर नवे ठिगळ पहिल्या मैलात फुकट जाईल. टायरच्या आतून चिंधी फिरवा. काटा असेल तिथे ती अडकते. बोट फिरवू नका, रक्त येईल.

डबीत एखादा पिवळा किंवा पांढरा रंगखडू असतो. तो भोकावर खूण करण्यासाठी. खूण लहान करू नका. ठिगळाच्या बाहेर जाईल अशी मोठी फुली मारा. कारण मधली खूण पुढच्या कामात पुसली जाते.

ते पुढचे काम म्हणजे घासणे. भोकाभोकांचा पत्रा त्यासाठीच. ती लहानशी किसणीच आहे. काही डब्यांचे झाकणच किसणीचे असते, काही डब्यांत तिच्याऐवजी पॉलिश पेपरचा तुकडा असतो. ट्यूब साच्यात तयार होते. साच्याला चिकटू नये म्हणून लावलेली द्रव्ये, भुकटी, धूळ, तेल हे सारे तिच्या अंगावर असते. त्यावर चिकटवलेले ठिगळ म्हणजे धुळीवर चिकटवलेले ठिगळ! म्हणून चकाकी जाऊन अंग खरखरीत होईपर्यंत घासायचे, ठिगळापेक्षा जरा जास्त जागा. ट्यूबवर साच्याची एक उंच रेघ असते. ती ठिगळाखाली येत असेल तर घासून सपाट करा, नाहीतर रेघेच्या कडेने हवा बाहेर येईल. मात्र खोबरे किसल्यासारखे किसू नका.

आता सोल्युशन. पुष्कळ लोक याला डिंक समजतात. डिंक ओला असतानाच कागद चिकटवतो, म्हणून हेही ओले असतानाच ठिगळ दाबतात. इथेच पंक्चर बिघडते. याचे काम डिंकाहून वेगळे आहे. यात रबर पातळ करून ठेवलेले असते. ते पातळ ठेवणारे द्रव्य उडून गेले पाहिजे. ठिगळ लवकर दाबले तर ते द्रव्य खाली कोंडते आणि जोड कच्चा राहतो. म्हणून पातळ थर लावा आणि थांबा. पाच मिनिटे. घड्याळ नसेल तर तीनशे आकडे मोजा, उजळणीही होईल. चकाकी गेली आणि जागा कोरडी दिसली, की झाले. घाईच्या माणसाला ही पाच मिनिटे फार जड जातात, पण सगळे काम या पाच मिनिटांवर उभे आहे.

नव्या नळीचे तोंड बंद असते. ते फोडायला खिळा शोधू नका. नळीचे टोपण उलटे करून पाहा, त्यालाच टोक असते. ते दाबले की तोंड उघडते. एकदा उघडलेली नळी काही महिन्यांत वाळून दगड होते, म्हणून टोपण घट्ट लावावे आणि अधूनमधून नळी दाबून बघावी. तिच्यावर ज्योतीचे चित्र असते. याचा अर्थ हे झटकन पेट घेते. विडी ओढत हे काम करू नये, चुलीजवळ करू नये. याचा वास छातीत भरून घेऊ नये. मुलांच्या हाती तर ही नळी देऊच नये. वास घेण्याची चटक लागून पोरे वाया गेली आहेत, जिवालाही मुकली आहेत.

ठिगळाला दोन कातड्या असतात. एका अंगाला चंदेरी कागद, दुसऱ्या अंगाला बारीक पारदर्शक पापुद्रा. कोणती बाजू खाली? चंदेरी कागद सोलायचा, आणि सोललेली बाजू ट्यूबवर. त्या बाजूला बोट लावू नका. तिथे कच्च्या रबराचा थर असतो. सोल्युशनमधली द्रव्ये आणि हा थर मिळून ठिगळ आणि ट्यूब यांची सांधजोड होते. गंधक आणि उष्णता यांनी कच्चे रबर पक्के होते, हे अमेरिकेत गुडइयर नावाच्या माणसाला १८३९ साली सापडले. इथे तेच काम आंच न लावता होते. ठिगळ मधून कडेकडे दाबत जा. वरचा पापुद्रा राहू द्या. तो ओढताना ठिगळाची कड उचलली जाते.

दुकानदार जुन्या ट्यूबची ठिगळे कापतात. त्यांना चंदेरी कागद नसतो. तीही टिकतात. मात्र ट्यूब आणि ठिगळ दोन्ही घासावी लागतात आणि दोन्हींना सोल्युशन लावावे लागते.

राहिला पांढरा खडा. तो पाटीवर लिहायचा नव्हे. ती शंखजिऱ्याची वडी. किसणीवर घासली की मऊ भुकटी पडते. ती ठिगळाभोवतीच्या उघड्या सोल्युशनवर लावायची, म्हणजे ट्यूब टायरला आतून चिकटत नाही.

डबीत रबर लावलेल्या जाड कापडाचा तुकडा दिसला, तर तो ट्यूबला लावू नका. टायर फाटला असेल तर आतून लावायचा तो. डमरूसारखा, दोन्ही डोक्यांत निरनिराळ्या मापांची भोके असलेला पाना असेल, तर तो चाकाच्या नटांसाठी. पितळेचे टोपणासारखे, पण दोन्हीकडून उघडे, आटे पाडलेले काही असेल, तर ते बारीक वालाच्या सायकलीला मोटारीचा पंप जोडण्यासाठी.

एका सामानाविषयी मात्र सावध राहा. काही दुकानांत मूठ असलेला दाभण, नेढे असलेली जाड सुई आणि चिकट तपकिरी दोऱ्या असा संच मिळतो. तो मोटारी आणि मोटारसायकलींच्या बिनट्यूबच्या टायरसाठी असतो. सायकलीच्या ट्यूबमध्ये तो दाभण खुपसलात, तर ट्यूब कायमची गेली. घेताना विचारून घ्या. नवी ट्यूब घेतानाही टायरच्या अंगावरचे आकडे वाचून जा. ते इंग्रजी आकडे असतात. साध्या मोठ्या सायकलीवर बहुधा २८ आणि पुढे दीड असे दिसेल.

ट्यूब परत घालताना तीत थोडी हवा भरा, म्हणजे तिला पीळ पडत नाही. टायरची शेवटची कड शक्यतो अंगठ्यांनीच बसवा. वाल सरळ उभा आहे ना, ट्यूब कुठे कडेखाली सापडली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी चाक फिरवून पाहा. मग पुरती हवा भरा आणि वालाची चकती घट्ट करा.