दर्याकाठची सरहद्द : पाटाची रात्र

आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकेत विधवा आली की तिचं रूप आधीच ठरलेलं असतं. अंगावर लाल आलवण, माजघरातला कोपरा आणि कुणी सुधारक दारात येईपर्यंत मुकाट काढलेले दिवस. असं आयुष्य असंख्य बायकांनी खरोखर भोगलं. पण ते मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने वागणाऱ्या घरांतलं. अठराव्या शतकातल्या अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्यात किंवा आगरात कथा घडत असेल तर ती बाई वेगळी हवी. नवरा गेल्यावर दुसरं घर करण्याची वाट तिला होती. ती वाट कशी होती हे कळल्याशिवाय त्या काळातली प्रेमकथा लिहिता येणार नाही.

गेल्या आठवड्यात आपण या पट्टीतल्या चार सत्ता पाहिल्या : कुलाब्याला आंग्रे, जंजिऱ्याला सिद्दी, रेवदंडा-कोर्लईला पोर्तुगीज आणि पाण्यापलीकडे मुंबईत इंग्रज. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. १७३६ साली रेवसजवळ चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. अशा लढायांच्या हकिगतींत सरदारांची नावं मिळतात. कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांवरचे कोळी, भंडारी खलाशी मात्र नावानिशी क्वचितच भेटतात. त्यांच्या बायका तर नाहीतच. लढाई नसली तरी दर्या होताच. तरुण वयात कपाळ पुसलं जाणं हे या किनाऱ्यावर नवलाचं नव्हतं.

कोळी, आगरी, कुणबी अशा बहुसंख्य जातींत विधवेचा पाट लागे, म्हणजे पुनर्विवाह होई. कुठे त्याला मोहतर म्हणत. समाज त्याला मान्यता देई, त्यातून झालेली मुलं औरस धरी; पण लग्नाचा मान मात्र देत नसे. पाट लागायचा रात्री, मोजक्या माणसांत, वाजंत्रीशिवाय. सवाष्णींनी तिथे थांबायचं नाही, सकाळी त्या जोडप्याचं तोंड पाहायचं नाही. नवरा अविवाहित असला तर आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावत, म्हणजे पाट हा त्याचाही दुसरा विवाह ठरे. विधवेशी बरोबरीने उभं राहायला त्यालाही आधी काहीतरी गमवावं लागे, निदान विधीपुरतं. मराठेशाहीत पाटावर सरकारी पट्टीही होती, पाटदाम नावाची. एका बाजूने हलकं लेखायचं आणि दुसऱ्या बाजूने त्याच कारणासाठी पैसे घ्यायचे, याचा मला आजही राग येतो.

यात प्रेम असेल का? जुन्या कागदांत पट्टी आणि तंटे मिळतात, माया मिळत नाही. पण कोळ्यांच्या घराची घडण पाहा. पुरुष दर्यावर, मासळी निवडणं, सुकवणं, बाजारात विकणं आणि हातातला पैसा सांभाळणं बायकांकडे. अशी बाई विधवा झाली तरी कुणाच्या दारात पडलेलं ओझं नव्हती. तिच्या होकाराला वजन असणार, आणि होकार-नकार जिथे असतो तिथे आवड-निवडही असते. मला ही कथा तरुण नजरानजरेपेक्षा मोठी वाटते. जाळं कसं विणायचं, पोरं कुणी सांभाळायची, हे ठरवता ठरवता जवळ येणारी दोन माणसं तिथे आहेत.

गेलेलं माणूसही अशा संसारात घरातच असे. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत बिजवराची दुसरी बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घाली. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. यामागे मृतात्म्याची भीती होती हे खरं. तरी सवतीला रोज छातीशी वागवणाऱ्या त्या मुलीच्या मनात भीतीखेरीज आणखी काय काय येत असेल, हा नाटककाराने हात घालावा असा विषय आहे.

कोर्लईची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. पोर्तुगीज तर १७४० सालीच इथून गेले. परकी सैनिक आणि इथल्या बायका यांच्या घरांतून ती बोली रुजली. पण अशा सगळ्या घरांना प्रेमाचं नाव देऊ नये. १५१० साली गोवा घेतल्यावर आल्फोन्सो द अल्बुकर्कने आपल्या माणसांची लग्नं मारल्या गेलेल्या मुसलमानांच्या विधवांशी आणि मुलींशी लावून दिली. सरहद्दीवरची प्रेमकथा लिहिणाऱ्याने बाईला नाही म्हणता येत होतं का, हे आधी पाहावं.

नंतर इंग्रजी कायदा आला. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण सुधारणेचं पाऊल म्हणून शिकतो, आणि ज्या घरांत पुनर्विवाहाला बंदी होती तिथे तो तसा होताच. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा कायदा पाठीशी असूनही त्यांच्या गावाने, दापोलीजवळच्या मुरूडने, त्यांना वाळीत टाकलं. (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं.) मात्र याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपत होता. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता, तिथेही हे कलम लागू आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात ठरवलं. अलाहाबादच्या न्यायालयाचं मत उलट होतं. म्हणजे ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्या बायकांच्या हातून नवऱ्याची वाडी आणि जमीन जाण्याची सोय झाली. हा कायदा १९८३ साली रद्द झाला.

म्हणून कुणी या किनाऱ्यावर मालिका करणार असेल, तर मला पाटाच्या आधीची संध्याकाळ पाहायची आहे. पंच बसलेले आहेत, पहिल्या सासरचे दागिने परत मागत आहेत, धाकटा मुलगा कुणाकडे राहणार यावर आवाज चढले आहेत. ज्याच्याशी पाट लागायचा तो ओसरीच्या कडेला उभा आहे. दागिने द्यायला ती तयार आहे. मुलगा मात्र माझ्याबरोबर येईल, असं ती सांगते. आता त्या माणसाने काय बोलावं, यावर सगळी कथा उभी राहील.