तक्रार करणाऱ्यांच्याच हाती पळी

हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणी ‘आमच्या टेबलाला नेहमी कमीच वाढतात’ म्हटलं की पुढे काय होतं, ते तुम्हाला पाठ असेल. कमिटी म्हणते, पुरावा दाखवा. तक्रार करणारे म्हणतात, कमिटीत सगळे तुमचेच. मग दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धुमश्चक्री, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

असाच वाद सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेममधल्या पहिल्यावहिल्या ख्रिस्ती मंडळीत झाला होता. तोही जेवणावरूनच! नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो आलाय. दोन मिनिटांत वाचून होतो.

मंडळीतले लोक जमिनी, घरं विकून पैसे एकत्र ठेवत. त्यातून गरजूंना वाटप होई. सगळे ज्यूच, पण गट दोन : एक स्थानिक भाषा बोलणारा, दुसरा ग्रीक बोलणारा. ग्रीकवाल्यांची कुरकुर सुरू झाली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना वगळलं जातंय. नवरा गेलेल्या बाईला त्या काळी दुसरा आधार फारसा नसायचा. म्हणजे प्रश्न मानपानाचा नव्हता, पोटाचा होता.

‘देवाच्या घरी असले वाद शोभत नाहीत’ असं म्हणून येशूच्या बारा शिष्यांना सगळ्यांना गप्प करता आलं असतं. (हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही धर्माच्या संस्थेत ऐकायला मिळतं.) त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातलीच चांगल्या नावाची, शहाणी अशी सात माणसं तुम्हीच निवडा; वाटपाचं काम त्यांच्याकडे देऊ. आम्ही प्रार्थना आणि उपदेश सांभाळतो. ‘वाढपाचं काम आमचं नव्हे’ हा त्यातला सूर आज जरा खटकतो, खरंय. पण पळी त्यांनी हातातून सोडली!

आता निवडलेल्यांची नावं बघा : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं. शेवटचा तर अंत्युखियाचा, जन्माने ज्यूही नव्हे. स्थानिक ज्यूंमध्येही ग्रीक नावं असायची, त्यामुळे एवढ्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ज्यांची तक्रार होती त्या गटातलीच ही माणसं असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. विचार करा, बहुमतातल्या गटाने सगळ्यांच्या अन्नाचा कारभार कुरकुर करणाऱ्यांच्या हाती दिला. स्वतःच्या माणसांचं ताटसुद्धा!

मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. चूक मुद्दाम झाली की गडबडीत, याची चौकशी या गोष्टीत कुठेच नाही. कुणाला माफी मागायला लावलेली नाही. थेट व्यवस्थाच बदलली. आपण मात्र ‘आधी कबूल कर’वर आठवडे घालवतो आणि तोवर त्या टेबलावर भाजी कमीच येत राहते.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या सातांत एकही बाई नाही. आणि ज्यांच्या ताटावरून हे सगळं झालं, त्या विधवांपैकी एकीचंही नाव लिहिलेलं नाही.