एका एकरासाठी अख्ख्या राज्याचं मतदान!

जंगल राखायला कायदा केला, तरी पुढचं सरकार तो साध्या बहुमतानं बदलू शकतं. म्हणून न्यूयॉर्कनं (शहर नव्हे, राज्य) १८९४ साली जंगल थेट राज्यघटनेत नेऊन बसवलं. ॲडिरॉन्डॅक आणि कॅट्सकिल डोंगरांतली सरकारी वनजमीन कायम रानच राहील. ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, तिथलं लाकूड तोडायचं नाही.

अपवाद हवा? मग प्रस्ताव विधिमंडळात मंजूर करा, मध्ये निवडणूक होऊ द्या, नव्या विधिमंडळात पुन्हा मंजूर करा, आणि मग राज्यभरच्या मतदारांकडे जा.

हे नुसतं कागदावर नाही बरं का! १९३२च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बॉबस्ले या घसरगाडीचा मार्ग बांधायला याच जंगलातली सुमारे अडीच हजार झाडं तोडायची होती. १९३० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं साफ नाही म्हटलं. आणि २००७ साली रॅकेट लेक या वस्तीला पिण्याच्या पाण्याच्या विहिरींसाठी एक एकर जागा हवी होती, तर त्यावरही राज्यभर मतदान झालं. बदल्यात निदान बारा एकर जमीन द्यायची अट होती.

मला खटकतं ते एवढंच: ॲडिरॉन्डॅक पार्कच्या हद्दीत जेमतेम सव्वा लाख माणसं, राज्यात दोन कोटींच्या आसपास. म्हणजे डोंगरातल्या विहिरीचा निकाल मुख्यतः दूरच्या शहरांतले मतदार लावणार. तरी जंगल टिकलं ते याच व्यवस्थेमुळे, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?