खेळ जिंकावा, सरांचा मानही राखावा

शालेय स्पर्धा आल्या की अंबड, परतूर, मंठ्याकडची आपली मुले कबड्डी, खो-खो खेळायला जालन्याला जातात. आईबाप रोजंदारी बुडवून त्यांना धाडतात. तिथे एखाद्याने पंचाशी हुज्जत घातली, तर अख्ख्या संघाला भोगावे लागते.

अशा मुलांना आम्ही एक खरी गोष्ट सांगतो. फेब्रुवारी १९८८. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. डाव सोडा, म्हणून सहायक प्रशिक्षक हाका मारीत होते. दोघांनी लक्षच दिले नाही. अखेर जेवणाच्या सुट्टीत रमाकांत आचरेकर सरांनी डाव सोडायला लावला. कांबळी ३४९ वर नाबाद होता. एक धाव हवी होती, ती राहिलीच. पण तो रुसून बसला नाही. चेंडू हाती घेऊन त्याने ६ बळी टिपले.

मान म्हणजे लाचारी नव्हे. शंका जरूर विचारावी, पण सामना संपल्यावर. सरांनीही ती ऐकून घ्यावी.

आईबापांनो, मूल घरी आले की निकालाआधी एवढेच विचारा : सरांचे ऐकलेस ना?