बुरशी लागलेला मका गाईलाही घालू नका

मक्याला बुरशी लागली की तुम्हीही तो फेकण्याऐवजी गाईला किंवा कुत्र्याला घालता का? मग हे वाचा.

1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत काढणीआधी अवकाळी पाऊस झाला. ओलसर मका तसाच साठवला गेला. तो खाऊन कावीळ झाली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही पोटात पाणी होऊन मेली.

कारण होतं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. ते यकृत बिघडवतं. गाईच्या पोटात गेलं तर दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही.

म्हणून धान्य कडकडीत वाळवून कोरड्या डब्यात ठेवा. हिरवट-काळपट दाणे मात्र जनावरांचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी पुरून टाका.